नेरूळच्या अंगणात बेतलेली होडी

आराखड्याच्या पाकिटात होडीचं चित्र एकच होतं, बाकी सगळे आकडे. प्लायवूडच्या लांबीवर दर ३०० मिलिमीटरला एक उभी रेघ मारायची, त्या रेघेवर कोष्टकातल्या उंचीला खूण करायची, खुणेवर बारीक खिळा ठोकायचा आणि सगळ्या खिळ्यांना टेकवून एक लांब लवचीक पट्टी वाकवायची. पट्टीच्या कडेने पेन्सिल ओढली की होडीची बाजू आखून झाली. पण होडी बांधताना मी जे शिकले त्यातलं बरंचसं त्या पट्टीने शिकवलं, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

पट्टीच्या लाकडाचे रेशे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हवेत. मध्ये गाठ आली की पट्टी गाठीपाशी कमी वाकते, शेजारी जास्त वाकते आणि आखलेली रेषा तिथे मोडते. म्हणून लाकडाच्या वखारीत उभं राहून मी एकेक पट्टी उचलून, दोन्ही टोकं धरून, वाकवून बघत होते. वखारवाल्याने विचारलं, पडद्यासाठी हवी आहे का? होडीसाठी म्हटल्यावर त्याने स्वतः आत जाऊन सागवानाची एक जुनी, सुकलेली पट्टी शोधून आणली.

मी नेरूळला सिडकोच्या जुन्या रो-हाऊसमध्ये राहते. पाम बीच रोड ओलांडला की खारफुटी, आणि तिच्यापलीकडे ठाण्याची खाडी. हे शहरच खाडीच्या काठावर वसवलेलं, तरी आम्ही बहुतेक जण खाडी बघतो ती गाडीच्या काचेतून, नाहीतर वाशीच्या पुलावर लोकलच्या दारातून. मला त्या पाण्यावर जायचं होतं, इंजिनाशिवाय, शिडावर, आणि स्वतःच्या होडीत. ही इच्छा फार जुनी. जागा मात्र अंगणाएवढीच, म्हणून फाटकाची रुंदी आधी मोजली आणि मग आराखडा निवडला. होडी साडेदहा फुटांची, वरती उघडी, दोघांना बसता येईल अशी.

रीत निवडली ती टाके घालून चिकटवण्याची. जहाजबांधणीच्या जुन्या पद्धतीत आधी पठाण, म्हणजे तळाचा लांब कणा, आणि फासळ्या उभ्या राहतात, मग त्यांवर फळ्या बसतात. त्याला गोदी लागते आणि पिढ्यांची विद्या लागते. या रीतीत फासळ्यांचा सांगाडा जवळजवळ नसतोच. प्लायवूडचे तुकडे आधी सपाटच कापायचे, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, आणि सांध्यांवर आतून-बाहेरून इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव्यं मिसळली की कडक होणारा चिकट रेझिन, आणि काचेचं कापड चढवायचं. ही रीत घराघरांत पोचवली ती इंग्लंडच्या मिरर होडीने. जॅक होल्ट हे होड्यांचे आरेखनकार आणि बॅरी बकनेल हे टीव्हीवर घरच्या घरी करायची कामं शिकवणारे गृहस्थ. या दोघांनी ती घडवली आणि डेली मिरर वर्तमानपत्राने १९६३ मध्ये ती लोकांसमोर आणली. लांबी ३.३ मीटर, शिडं लाल. आजवर अशा सत्तर हजारांच्या आसपास होड्या तयार झाल्या आणि त्यातल्या कितीतरी घराच्या गॅरेजमध्ये. माझी होडी मिरर नव्हे, पण घराण्याने तिचीच.

सामानाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेकांची हिंमत सुटते. आपल्याकडे मरीन प्लायवूड म्हणून जे मिळतं त्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का बघावा. या मानकात प्लायवूडचा नमुना ७२ तास पाण्यात उकळूनही त्याचा सांधा सुटता कामा नये अशी चाचणी आहे. घरोघरी फर्निचरला वापरतात ते बीडब्ल्यूआर प्लायवूड आयएस ३०३ मधलं, ते स्वयंपाकघराच्या ओट्याखाली चालतं, खाडीत नाही. शिक्क्यावर समाधान न मानता मी दुकानातून एक तुकडा मागून आणला आणि जुन्या पातेल्यात गॅसवर उकळत ठेवला. थांबून थांबून, दोन-तीन दिवस. एकही पदर उकलला नाही, तेव्हा शीट घेतली. घेताना प्रत्येक शीटची कड उन्हात धरून बघितली. आतल्या थरांत पोकळी असेल तर ती कडेलाच डोळा मारते, आणि वाक देताना प्लायवूड नेमकं तिथे तडकतं. सहा मिलिमीटरची आठ बाय चारची शीट बारा-तेरा किलोची भरते, म्हणजे चार शीट म्हणजे होडीचं निम्म्याहून जास्त वजन तिथेच आलं.

तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात किलोवर मिळते. काचेच्या कापडासाठी एमआयडीसीत फायबरच्या टाक्या आणि छपरं करणाऱ्यांना सामान पुरवणारी दुकानं धुंडाळली. तिथे पहिल्यांदा हातात ठेवतात ती मॅट, म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या तंतूंची गादी. तिच्यातलं बांधणारं द्रव्य पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळतं, इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून विणलेलं कापडच मागायचं. तिथलं पॉलिस्टर रेझिन स्वस्त असतं, पण लाकडाला ते इपॉक्सीइतकं धरत नाही. खर्चातला सर्वांत मोठा वाटा इपॉक्सीचाच, आणि तो वाचवू नये असं माझं ठाम मत आहे.

शीट आठ फुटांची आणि होडी साडेदहाची, तेव्हा दोन शीट आधी लांबीत जोडाव्या लागल्या. दोन्हींच्या कडा रंध्याने तासून उतरत्या करायच्या, उतार जाडीच्या आठपट. सहा मिलिमीटरला अठ्ठेचाळीस मिलिमीटर. रंधा चालत असताना प्लायवूडचे थर एकेका पट्ट्यासारखे उघडे पडत जातात, गडद, फिका, गडद. ते पट्टे सरळ आणि समांतर राहिले म्हणजे उतार बरोबर आला. मोजपट्टीची गरज लागत नाही.

मग पट्टी वाकवली. एक सोडून सगळ्या खिळ्यांना ती छान टेकली. त्या एका खिळ्यापाशी बारीकशी फट. कोष्टक पुन्हा बघितलं, खूण बरोबर होती. आई ज्या मावशींकडून मासे घेते त्यांचे यजमान इथल्याच सारसोळे गावचे. आयुष्य खाडीत गेलेलं, होड्यांची डागडुजी स्वतःच्या हाताने केलेली. अंगणात काय चाललंय ते बघायला ते आले होते. ते जमिनीवर बसले, गाल जवळजवळ प्लायवूडला टेकवला आणि एक डोळा मिटून पट्टीच्या कडेवरून नजर टाकली. मग तो खिळा काढायला सांगितला. पट्टी किंचित सरकली आणि स्वतःच्या मनाने बसली. “बाय, डोल्यांनी बगाचा, टेपनी नाय,” ते म्हणाले. मीही त्यांच्यासारखी गाल टेकवून बघितलं. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत रेषा कुठेही अडखळत नव्हती. छापलेला आकडा मिलिमीटरपर्यंत गोल केलेला असतो, पट्टी तसं काही करत नाही. त्यानंतर प्रत्येक रेषेला मी हाच कौल लावला.

डावी आणि उजवी बाजू एकमेकींवर ठेवून, शिकंज्यांनी आवळून, एकदमच कापली. जिगसॉ रेषेच्या बाहेरून चालवला आणि उरलेलं रंध्याने रेषेपर्यंत आणलं.

टाके घालायला आई येऊन बसली. आईने आयुष्यभर शिलाई केली. ब्लाऊज बेतताना सपाट कापडाला टक्स घालून गोलाई द्यायची, हे तिला सांगावं लागत नाही, आणि या होडीचं गणितही तेच आहे. खालच्या दोन तुकड्यांच्या कडा जमिनीवर जुळतच नाहीत. मध्यावर जुळतात आणि पुढे-मागे फाकतात. तार ओढत नाळेकडे गेलं की प्लायवूडला वाकल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. कडेपासून दहा मिलिमीटरवर, दर दीडशे मिलिमीटरला भोकं. आई बाहेरून तार ओवायची, मी आतून पकडीने पीळ द्यायची. मध्यापासून सुरू केलं. पहिले काही टाके पडले तरी समोर नुसते फळकुटांचे पंख पसरलेले. मग बाजूचे तुकडे लागले, मागची फळी लागली, आणि नाळेच्या शेवटच्या टाक्यांवर आईने “थांब, जोर लावू नकोस, हळूहळू आवळ” म्हणत एकेक पीळ मोजून घ्यायला लावला. प्लायवूड कुरकुरलं, दोन्ही बाजू पुढे येऊन मिळाल्या आणि अंगणात होडी उभी होती. सकाळी भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्याच सपाट शीट. मी किती तरी वेळ तिच्याभोवती फिरत राहिले.

शिवलेली जहाजं आपल्या किनाऱ्याला नवी नाहीत. अरबी समुद्रात शतकानुशतकं काथ्याने शिवलेली गलबतं फिरत होती. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून याच पद्धतीने बांधलेलं कौंडिण्य हे जहाज भारतीय नौदलाने २१ मे २०२५ रोजी कारवारला सामावून घेतलं. त्या जहाजाला खिळे नाहीत, फळ्या धरून ठेवतो तो काथ्याच. माझ्या होडीतले टाके तात्पुरते, इपॉक्सी घट्ट होईपर्यंतचेच, पण काम करताना बातमीतले ते काथ्याचे टाके सारखे डोळ्यांपुढे होते.

इपॉक्सी लावण्याआधी होडीच्या अंगाला पीळ बसला नाही ना, ते तपासायचं. टाक्यांवरची होडी लवचीक असते, लाकडी घोड्यांवर ठेवताना एक कोपरा वर राहिला तर तोच पीळ कायमचा घट्ट होतो आणि होडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. पुढे एक आणि मागे एक असे दोन सरळ ॲल्युमिनियमचे पाइप आडवे ठेवले, मागून नजर लावली, आणि गवंडी वापरतात त्या लेव्हल पाइपने दोन्ही बाजू एका पातळीत आणल्या. कर्ण मोजले. नाळेपासून मागच्या फळीच्या मध्यावर ओळंबा आणि दोरी. यात एक पूर्ण सुट्टीचा दिवस घालवला, आणि तसाच घालवावा.

इपॉक्सीचं काम दिवाळीनंतर काढलं, नवी मुंबईची हवा तेव्हाच काय ती कोरडी. दमट रात्री इपॉक्सी सुकताना वर मेणचट थर येतो. त्यावर दुसरा हात दिला तर तो धरत नाही, आणि घासायला गेलं तर मेण पॉलिश पेपरमध्येच भरतं. म्हणून रोज सकाळी साध्या पाण्याने आणि काथ्याने होडी धुऊन, पुसून, मगच पुढचं काम. रेझिन आणि हार्डनर डिजिटल काट्यावर वजनाने मोजायचे, अंदाजाने नाही. मिसळल्यावर ते पेल्यात राहू दिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं, म्हणून पसरट ताटलीत ओतून घ्यायचं. कोऱ्या लाकडावर पहिला हात संध्याकाळी द्यायचा, दिवसाची उष्णता उतरत असताना. लाकडातली हवा तेव्हा आकसते आणि इपॉक्सी आत ओढून घेते. सकाळी दिला तर चढत्या उन्हाबरोबर तीच हवा फुगून बाहेर येते आणि सगळीकडे बुडबुडे उठतात. हातमोजे आणि मास्क एक दिवसही चुकवू नये. हार्डनरची ॲलर्जी एकदा अंगात बसली की जात नाही.

सांध्यांच्या आत लाकडाचा बारीक भुगा आणि सिलिका घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरलं, उलथन्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट. गोल टोकाच्या पट्टीने एका ओढीत फिरवलं की कोपऱ्यात सुबक गोलाई येते. आधी टाक्यांच्या मधल्या जागा भरल्या, त्या कडक झाल्यावर तारेला सोल्डरिंग आयर्न टेकवून तारा ओढून काढल्या, आणि मग सलग गोलाई व तिच्यावर काचेच्या कापडाची पट्टी.

सगळ्यात जास्त काळजी घेतली ती सुरीफळीच्या पेटीची. शिडाची होडी वाऱ्याने आडवी ढकलली जाऊ नये म्हणून मधून एक फळी पाण्यात सोडतात. ती उथळ पाण्यात वर ओढता यायला हवी, म्हणजे तळाला लांबट भोक आणि त्यावर पेटी. पेटी एकदा बंद झाली की आत हात जात नाही, तेव्हा तिच्या आतल्या बाजूंना आधीच इपॉक्सीचे हात आणि कापड चढवून, गुळगुळीत घासून, मगच ती जोडली. आमच्या खाडीचा तळ सगळा गाळ. फळी पेटीत अडकून चालणार नाही. बाजूच्या बाकांखाली हवाबंद कप्पे केले, होडी उलटली तरी तरंगत राहावी म्हणून.

बाहेरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासण्याचं काम कंटाळवाणं असं सगळे सांगतात. मला ते आवडलं. छोटा ठोकळा घेऊन घासलं तर तो खळग्यात उतरतो आणि खळगा तसाच राहतो. लांब लवचीक फळीला पाणकागद चिकटवून तिरपं घासायचं, एकदा या कर्णात, एकदा त्या. रात्री अंगणातला दिवा बंद करून टॉर्च होडीच्या अंगाला चिकटवून धरली की प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. तिथे पेन्सिलने गोल करायचा. आणि शेवटी तळहात. डोळे मिटून नाळेकडून मागे हात फिरवला की डोळ्यांना न दिसलेलं हाताला लागतं. शेजारच्या काकूंचे कपडे वाळत असायचे, म्हणून कोरडं घासणं कधी केलं नाही, पाणी मारून पाणकागदानेच. त्याने धूळही उडाली नाही.

वरच्या काठाला सागवान. वजनदार आहे, पण या पाण्यात त्याच्याइतकं विश्वासाचं लाकूड नाही. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. काठाची पट्टी लावताना ती होडीच्या रेषेबाहेर कुठे जात नाही ना, हे मी पुन्हा गाल टेकवूनच बघितलं.

डोलकाठी पाइनच्या दोन पट्ट्या चिकटवून, रेशे उलटसुलट ठेवून केली. परबाणासाठी, म्हणजे शिडाची वरची कड बांधायच्या काठीसाठी, तळकोकणातून माणगा बांबू आणवला, सरळ आणि जवळजवळ भरीव. शीड पावसाळ्यात शिवलं. साठ चौरस फुटांचं, घट्ट विणीचं पॉलिस्टर. शिडालाही पोट लागतं, सपाट कापड वाऱ्यावर ओढत नाही. ते पोट दोन प्रकारे येतं. वरची कड सरळ न कापता बाहेर फुगवून कापली तर सरळ परबाणाला बांधल्यावर ते जास्तीचं कापड आत पोटात जातं. माणगा वाऱ्यात वाकणार, म्हणून फुगवटा थोडा वाढवला. आणि पट्ट्यांचे जोड पुढच्या टोकाला जास्त दाबून शिवायचे. मी आराखडा समजावून सांगू लागले तर आईने तो हातातून घेतला. मागची मोकळी कड सरळ धाग्यावर आली पाहिजे, उरेब म्हणजे तिरकी आली तर ताणून लोंबेल, हे तिने आराखडा वाचायच्या आधीच सांगितलं. त्याच पट्टीने फरशीवर गोलाई आखली, यंत्राला झिगझॅग टाका लावला, आणि जेवणाच्या खोलीत दिवसचे दिवस पांढरं कापड पसरलेलं राहिलं.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती. कोजागिरीनंतरची संकष्टी आम्ही धरली, कारण दुपारी वायव्येचा खारा वारा सुरू होतो आणि भरतीही तेव्हाच. भरती नसेल तर सारसोळ्याच्या जेट्टीपुढे नुसता चिखल. परवानगीचं आधी विचारून, संबंधितांना कळवून घेतलं होतं. पलीकडे ट्रॉम्बे, अणुसंशोधन केंद्राचा भाग, त्या बाजूला फिरकायचं नाही, आपल्या काठानेच राहायचं हेही ठरलं होतं. छोटा हत्ती टेम्पोतून होडी उतरली, आईने नारळ वाढवला, आणि सारसोळ्याचे ते काका त्यांच्या होडीतून सोबत निघाले. जीवरक्षक जॅकेट चढवून आधी वल्ह्यांवर फिरून पाणी कुठे शिरतंय का बघितलं. पेटीभोवती बोट फिरवलं, कोरडं. मग शीड चढवलं.

शीड आधी फडफडलं, दोर ओढला तसं एका जागी शांत होऊन भरलं. मला वाटलं होतं धक्का बसेल. तसं काही झालं नाही, फक्त पाण्याचा आवाज बदलला. वल्ह्यांवर तो थांबून थांबून येत होता, आता तो नाळेपासून मागपर्यंत सलग येऊ लागला. मी मागे वळून बघितलं तर होडीमागचं पाणी उकळत नव्हतं, फेस नव्हता, दोन सरळ रेघा निघत होत्या. काकांनी त्यांच्या होडीतून हात वर केला. मला त्या क्षणी रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

होडी सारखी वाऱ्याच्या दिशेला तोंड फिरवू बघत होती, सुकाणूचा दांडा ओढून धरावा लागत होता. थोडा ओढा असावाच, हातातून दांडा सुटला तर होडी आपण होऊन वाऱ्याकडे वळून थांबते. पण हा जास्त होता. पुढच्या खेपेला आम्ही परबाण आणि शिडाच्या खालची काठी दोन्ही डोलकाठीच्या पुढे वीतभर सरकवून बांधली, म्हणजे शिडाचा जोर सुरीफळीच्या जवळ आला. ओढा निम्म्यावर आला. आता शिडाच्या खालच्या बाजूला रीफची एक ओळ घालायची आहे, वारा वाढला की तेवढं कापड गुंडाळून शीड कमी करायला. आईने जोडाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत, शनिवारी मी वाशीहून आयलेट दाबून आणणार आहे.